नव्या कर्जतातली खोली

मुंबईलगतच्या साष्टी बेटात घरं वाढवायचं सोडून सरकारनं मुंबईतली दाटी थेट कर्जतला आणायचं ठरवलं, ते साल एकोणीसशे एकवीस. खोपोलीची वीज जवळ, उल्हास नदीचं पाणी जवळ. भाताची खाचरं बुजवून रुंद रस्ते आखले गेले. साहेबांच्या बंगल्यांना डोंगराचा वारा हवा, म्हणून पळसदरीच्या डोंगरावरची ठाकर आदिवासींची वाडी उठवली.

"खाली पक्की चाळ बांधतोय. तुमच्या खोल्या त्यातच," नवं शहर वसवणाऱ्या मंडळाचा साहेब सगळ्या वाडीसमोर म्हणाला होता.

म्हणून वाडीतल्या मंगळीनं त्या चाळीचे दगड वाहिले, चुना कालवला. नवरा जैतू खाणीत दगड फोडायचा. कोपऱ्यातल्या खोलीची जमीन तिनं स्वतः चोपली. तिच्या दारातून डोंगर दिसायचा. ती खोली तिनं मनात आपली करून टाकली होती.

चाळ पुरी झाली आणि मुंबईहून ट्रंका आल्या, वळकट्या आल्या, कारकुनांची कुटुंबं आली.

"ही मंडळाच्या नोकरांसाठी," साहेब म्हणाला. "तुमचं पुढं बघू."

मंगळीनं डोक्यावरची पाटी फेकली. कोपऱ्यातल्या खोलीत शिरून दगड मांडले, चूल पेटवली, वर पाणी ठेवलं. दारात एका कारकुनाची बायको कडेवर पोर घेऊन घाबरून उभी होती.

"तुज्याशी माजं भांडान नाय, बाय," मंगळी तिला म्हणाली. "बाजूला हो. त्या साहेबाला म्होरं येऊ दे."

साहेब बाहेरच थांबला. त्यानं मुकादमाला खुणावलं. मुकादम मालोजी कडावचा कुणबी. त्याचीही खाचरं याच रस्त्यांखाली गेली होती.

"मंगळे, ऊठ गं. माजं काम जाईल."

"तुजं शेत गेलं तवा गप बसलास, आन आता मला उठवतोस?"

मालोजीनं तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. लाथेनं चूल उधळली, दंडाला धरून तिला ओढलं. कढत पाणी तिच्या पायावर सांडलं. ती रडली नाही. लंगडत खाणीवर गेली आणि ओरडली, "टाका त्या पहारी! आपलाच डोंगर फोडून दुसऱ्यांची घरं बांदतो आपन, लाज नाय?"

पहारी पडल्या. वाडी डोंगरावर परतली. बंगल्यांसाठी ठोकलेल्या खुंट्या उपटून त्यांनी चुली पेटवल्या. पोलिसांनी झोपड्या जाळल्या, पुरुषांना धरून नेलं. बायकांनी झोपड्या पुन्हा उभ्या केल्या, त्या पुन्हा जाळल्या गेल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. शेवटी कंटाळून मंडळानं बंगले खोपोलीच्या अंगाला नेले.

जैतू ठाण्याच्या तुरुंगातून सुटून आला तो वाळून. येताना मंडळाचा निरोप घेऊन आला: खाणीवर परत ये, तुला एक खोली देतो.

"जाऊ या गं. दमलो मी."

"एक खोली? आन बाकीच्यांनी काय करायचं?"

"बाकीच्यांचं मला सांगू नको. मार मी खाल्लाय."

ती आणखीच भडकली. साहेबावरचा, मालोजीवरचा सगळा संताप तिनं त्याच्यावर काढला. जैतूनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि उतरणीला लागला.

हाक मारायला ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळली. मग कोयता घेऊन झोपडीच्या कुडासाठी कारवीच्या काठ्या तोडायला रानात निघून गेली.