डबक्यातले सोयरे

विजयमालाने काचपट्टीवर रंगाचे चार थेंब सोडले आणि घड्याळात पाहिलं. आठ मिनिटं. एवढ्यात प्रयोगशाळेच्या दारात चपला वाजल्या. तिचे वडील काकासाहेब धापा टाकत उभे होते. त्यांच्यामागे डोईवर पदर घेतलेली पन्नाशीची बाई आणि इस्त्रीचा सदरा घातलेला एक तरुण.

"विजे, अगं पाव्हणं सकाळच्याच गाडीनं आलं! आन् तू रविवारची हितं?"

बघण्याचा कार्यक्रम ती विसरली नव्हती. पण तो केडगावला घरी, दुपारी चारला ठरला होता. जंतू मात्र कोवळे असतानाच रंगवावे लागतात. चारपर्यंत त्यांची शेपटं गळून गेली असती.

"आठ मिनिटं थांबा," ती म्हणाली. पाथर्डीहून आलेली मंडळी नगरच्या कॉलेजातल्या लाकडी स्टुलांवर ओळीने बसली.

मुलगा गोरक्षनाथ बरणीतल्या बेडकाकडे एकदा बघून जो बुटांकडे बघू लागला, तो तसाच. त्याची आई भागूबाई मात्र उठून टेबलापाशी आली.

"काय रंगवतीस गं पोरी?"

"जंतू, मावशी. हा म्हशीच्या शेणातला, तो शेतातल्या मातीतला."

"बघू."

काचपट्टी धुऊन, वाळवून विजयमालाने सूक्ष्मदर्शकाखाली लावली. भागूबाईने एक डोळा तळव्याने झाकला आणि दुसरा नळीला टेकवला.

"व्हय की! शेपटं हायती. चांगली नागमोडी. कोन इनतं ही?"

कॉलेजात नोकरीला लागल्यापासून दोन वर्षांत विजयमालाला असं कोणी विचारलं नव्हतं. ती हात पुसतच बोलू लागली. जंतू पोटात प्रोटीनचे बारीक कण तयार करतो, ते शेपटाच्या टोकाशी जाऊन एकावर एक बसतात. केस मुळातून वाढतो, हे टोकातून वाढतं. दोन्ही जंतूंचं प्रोटीन तिने तपासलं होतं. थोडं सारखं निघालं, थोडं वेगळं.

"मला वाटतं, कोट्यवधी वर्षांमागं दोघांचा पूर्वज एकच असावा. त्याचंच शेपूट पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलंय."

भागूबाईने डोळा न काढता विचारलं, "मंग ह्येचा माल त्येच्या शेपटाला चढंल का?"

विजयमालाचा हात रुमालातच थांबला.

"मी करून पाहिलं नाही."

"बघ की करून. जवळचं नातं आसंल तर चढंल."

काकासाहेबांनी खाकरून पोह्यांची आठवण करून दिली.

चार दिवसांनी पत्र आलं. मुलाला नोकरी करणारी मुलगी नको होती. विजयमालाला मुलाचं काही वाटलं नाही. भागूबाई आता भेटणार नाही, एवढंच वाटलं.

तिने प्रयोग मात्र लावला. मातीतल्या जंतूंची शेपटं झटकून सुटी केली, गरम पाण्यात विरघळवली आणि ते पाणी निवल्यावर, कण जुळायला मदत करणारं मीठ घालून, शेणातल्यांच्या शेपटांच्या तुकड्यांवर ओतलं. तुकडे होते तेवढेच राहिले. तीनदा केलं, तीनदा तेच.

तिसऱ्या आठवड्यात केडगावच्या घरासमोर भागूबाई एकटीच एसटीतून उतरली. हातात चिंधीचं बूच लावलेली बाटली. काकासाहेब लगबगीने पुढे झाले.

"पोरानं इचार बदलला का काय?"

"त्येचं त्येच्यापाशी. मी पोरीकडं आले."

प्रयोग तीनदा फसल्याचं ऐकून घेतल्यावर भागूबाईने बाटली विजयमालापुढे ठेवली.

"आमच्या म्हशी बसत्यात त्या डबक्यातलं पानी हाय. त्यात शेनबी हाय आन् मातीबी. तुजे दोगं लई लांबचे आसतील. मधलं कुनी घावतंय का बघ."

बाटलीतल्या पाण्यातून विजयमालाने सात प्रकारचे जंतू वेगळे काढले. त्यात महिना गेला. पुढची खेप भागूबाईने बाजाराच्या दिवशी थेट प्रयोगशाळेत केली आणि पिशवी कोपऱ्यात टाकून लगेच नळीला डोळा लावला. सातातल्या पाचव्याच्या शेपटाचे आखूड तुकडे मातीतल्याच्या प्रोटीनमध्ये रात्रभर ठेवले होते. प्रत्येक तुकड्याला आता लांब, नागमोडी धागा फुटला होता.

"जुळलं?" भागूबाईने श्वास रोखून विचारलं.

"जुळलं, मावशी!"

पाहुणीसाठी टपरीवरून चहाची किटली घेऊन काकासाहेब नेमके त्याच वेळी दारात पोचले होते. त्यांनी किटली तिथेच खाली ठेवली आणि काही न विचारता आल्या पावली वळले. अर्ध्या तासाने परतले ते अर्धा किलो पेढे घेऊन. टोपी किंचित तिरकी झाली होती. पुडा सोडून त्यांनी भागूबाईपुढे धरला.

"घ्या, इहीनबाई. तोंड गोड करा."

विजयमालाने काही सांगण्यासाठी तोंड उघडलं. भागूबाईने टेबलाखालून तिचा हात हलकेच दाबला, एक पेढा उचलून तिच्या उघड्या तोंडात घातला आणि दुसरा स्वतः घेतला.