रद्द करण्याचे कारण

‘रद्द करण्याचे कारण निवडा,’ असं पडद्यावर आलं. खाली चार पर्याय होते: बनावट कागदपत्रे, नावात चूक, दुबार नोंद, धारक मयत. यादी मीच केलेली. त्यात ‘थोरला भाऊ’ घालायचं तेव्हा सुचलं नव्हतं.

आम्ही डिजिटल प्रमाणपत्रं देतो. परीक्षा दुसरे घेतात, पास तिसरे होतात, सही आमच्या सर्व्हरची. जगभरच्या अनोळखी माणसांनी फुकट लिहिलेल्या कोडच्या लायब्रऱ्यांची मोळी बांधायची आणि तिला प्रणाली म्हणायचं. वरचं फ्रेमवर्क दर दोन वर्षांनी बदलतं आणि नव्या साहेबासारखं आल्या आल्या आधीचं सगळं मोडीत काढतं. मग सगळं नीट चालतंय का ते बघायला चाचणीचं एक खोटं प्रमाणपत्र काढावं लागतं. त्यावर मी दादाचं नाव टाकायचो, ईमेलसकट. अठरा वर्षांत दादा नर्सिंगपासून विमानदुरुस्तीपर्यंत सगळं पहिल्या वर्गात पास झाला. संध्याकाळी चाचणीचा डेटाबेस पुसला की पुन्हा नववी.

नववीतच त्याने शाळा सोडली होती आणि पंपदुरुस्तीचे पाने हातात घेतले होते. मी शिकावं म्हणून.

सोमवारी नवी लायब्ररी चढवताना सेटिंगमधली ‘ही फक्त चाचणी’ सांगणारी एक ओळ बदलायची राहिली. चाचणीचं प्रमाणपत्र खऱ्या सहीने निघालं आणि खरोखर दादाला गेलं: पंप व मोटार तंत्रज्ञ, प्रथम श्रेणी. बुधवारी ते माझ्या लक्षात आलं, त्याच्या आधी वहिनीचा फोन आला. दादाने ते छापून, काच लावून दुकानात टांगलं होतं. पस्तीस वर्षांचं काम बघून कुणीतरी दिलं, अशी त्याची समजूत.

“तुम्हीच खटपट केली असेल ना, भावजी?” वहिनी म्हणाली.

मी नुसतं “हं” म्हटलं. फोन ठेवून ‘नावात चूक’ निवडलं. नावात काडीची चूक नव्हती.

दुपारी दुकानात गेलो तर चौकट उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. दादा पंप उघडून बसला होता.

“एका गिऱ्हाईकाने त्याच्यावरच्या क्यूआर कोडला मोबाईल लावून बघितलं,” तो म्हणाला. “लाल अक्षरं आली, ‘रद्द’. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तेवढं माझ्या तोंडून खरं वाटतं.”

मी सगळं सांगून टाकलं. तो बोल्ट आवळत ऐकत होता.

“म्हणजे इतकी वर्षं मी पास होत होतो?”

“हो.”

“आणि मलाच पत्ता नाही.” तो हसला. उठला, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि माझ्यासमोर स्टूल ओढलं. “परीक्षा देऊन मिळतं ना हे? मग भर माझा फॉर्म. पंपातलं मला काय विचारणारेत?”

मी फोनवर फॉर्म उघडला, तोही आमच्याच प्रणालीतला. पहिलाच रकाना: दहावीचा बैठक क्रमांक. तो भरल्याशिवाय पुढचं बटण उजळत नाही. ही सक्ती हवीच का, असं आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने विचारलं होतं. नियम म्हणजे नियम, असं मी तिला ऐकवलं होतं.

“काय झालं?” दादाने विचारलं.

“नेट नाही.”

“येईल की. मला कुठे घाई आहे?” तो म्हणाला आणि ओले हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढून घ्यायला बसावं तसा ताठ बसून राहिला.