रामनवमीचं कीर्तन आणि वहिनींची मूठ

आमचे हरिहरबुवा दिवसा कचेरीत हेडक्लार्क, पण लखनौच्या मराठी मंडळींचे ते कीर्तनकार. शहाऐंशीच्या संक्रांतीनंतर त्यांची छाती दुखू लागली आणि रामनवमीचं कीर्तन अधांतरी लटकलं. नारदाच्या गादीवर बसून चालत नाही, उभंच राहावं लागतं.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या मोठ्या नळ्या साफ आहेत. बारीक नळ्या गरजेच्या वेळी नीट मोकळ्या होत नाहीत, म्हणून दुखतं. रोज चाला. दुखलं की थांबा, ओसरलं की पुन्हा चाला. हळूहळू दम वाढेल."

बुवांच्या पत्नी, आमच्या चंद्रप्रभावहिनी, यांचा काडीचा विश्वास बसला नाही. "साफ आहे तर दुखतं कशाला? आणि छाती दुखणाऱ्याला कुणी चालवतं? शेजारच्या तिवारीजींना महिनाभर पलंगावरून उतरू दिलं नव्हतं! तुम्ही आणि डॉक्टर मिळून काहीतरी लपवताय."

"अगं, काय लपवू?"

"तेच तर शोधतेय."

बुवा आलमबागच्या बाजारातून चालायला निघाले, की मागून सायकलरिक्षात वहिनी. बुवा थांबले की रिक्षा थांबे. रिक्षावाला वैतागला. "भाभीजी, बाबूजी को बैठा ही लीजिए न!"

"तू चुपचाप चल, भैया."

चैत्र आला तसं बुवांचं थांबणं कमी झालं. वहिनींना त्याचाही संशय. "रामनवमीसाठी दुखणं गिळताय तुम्ही."

"मग तूच ठरव. नको म्हणालीस तर नाही उभा राहत."

वहिनींनी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची डबी उघडून पाहिली. मग म्हणाल्या, "राहा उभे. पण मी समोर बसणार."

बसल्या. मुठीत त्या डबीतली, छाती दुखली की जिभेखाली ठेवायची गोळी. सगळी सभा अयोध्येत पोचली होती, वहिनींची नजर मात्र बुवांच्या छातीवर. ऐन रंगात आवाज अडला, हात उपरण्याशी गेला. लोकांना वाटलं, बुवा गहिवरले. कुणी डोळेही पुसले.

चारचौघांत कधी तोंड न उघडणाऱ्या वहिनी खड्या आवाजात म्हणाल्या, "श्रीराम जय राम जय जय राम!"

सभेनं गजर उचलला, टाळ कडाडले. गजर चालू असताना बुवांना बोलावं लागत नाही. ते डोळे मिटून स्वस्थ उभे राहिले. श्वास सावरला, तसा त्यांनी हात वर केला. सभा थांबली. वहिनी थांबेनात, एकट्याच गजर करत राहिल्या.

बुवा वाकून म्हणाले, "अगं, गेलं दुखणं. राम जन्मायचा खोळंबलाय, बोलू दे आता."

"खरंच गेलं?"

"या गादीवरून खोटं बोलेन का?"

वहिनींनी त्यांचा चेहरा निरखून पाहिला, आणखी एकदा गजर म्हणून घेतला आणि मगच रामजन्म होऊ दिला.