कलशाला हात आणि अंधार

"गेले! पुन्हा गेले!"

बागबाजारातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधले दिवे गेले आणि जमलेल्या वीसेक मराठी माणसांनी हात जोडले. घटापुढचा नंदादीप तेवढा जळत होता. त्याच्या उजेडात भाग्यश्री उभी होती. हात कलशावर, चेहरा पांढराफटक.

"काढ हात, मुली," दीप्तेश्वर महाराज गरजले. तिने काढला. महाराज काहीतरी पुटपुटले आणि दिवे आले. मग शैलाकाकूंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, कलशाला हात लावला. लख्ख उजेड. पुन्हा भाग्यश्री. पुन्हा अंधार. असं तीनदा झालं.

मी वरच्या मजल्यावर राहते. वीज कंपनीत ब्रेकर तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे एका जागी उभं राहवत नव्हतं. पण कलकत्त्यात मिळालेला मराठी शेजार तोडवत नाही, म्हणून जीभ चावून गप्प होते.

घटस्थापनेपासून चार दिवस रोज सकाळी हेच चाललं होतं. नव्या सुनेने घटाला पाणी घातलं की दहा मिनिटांत ब्रेकर पडायचा. मग वर केला तरी तासभर तो टिकायचाच नाही. तिच्या नवऱ्याने, सलीलने, स्वतः नवा ब्रेकर आणून बसवला. तोही पडला. मग कोणीतरी बराकपूरहून हे महाराज आणले. त्यांनी आज सकाळी, ललितापंचमीला, घटाला पाणीच घालू दिलं नाही आणि दिवे गेले नाहीत. झालं! आणखी पुरावा कशाला हवा?

"तेज, माता, तेज!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "हिच्या पिंडातली वीज उलटी वाहते. ती देवीच्या तेजाला छेद देते. अकरा महिने हिला उंबरठ्याबाहेर ठेवा."

उलटी वीज! अहो, आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. तिला कोणी माहेरी पाठवत नाही.

"उद्याचं तिकीट काढलंय," सलील मान खाली घालून म्हणाला. "हावड्याहून नागपूर, हिच्या माहेरी."

"आणि माझी नोकरी?" भाग्यश्रीने विचारलं. ती रडायला लागली आणि माझा संयम सुटला.

महाराजांचा शिष्य धुपाटणं घेऊन दरवेळी दाराजवळच्या विजेच्या पॅनेलपाशी जात होता, हे मी केव्हाचं बघत होते.

"महाराज, देवीला धूप दाखवतात हे माहीत होतं. पॅनेलला कशाला?"

"विजेचं अधिष्ठान आहे ते!"

"मग आता मी दाखवते." शिष्याच्या हातातलं धुपाटणं मी ओढूनच घेतलं आणि पॅनेलला पाठ लावून उभी राहिले. "भाग्यश्री, लाव हात."

"अनुराधाताई, नको ना."

"लाव म्हणते ना!"

तिने लावला. खाली दुर्गापूजेच्या मंडपात ढाक, म्हणजे इथला ढोल, वाजत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. दिवे जागच्या जागी.

"तुमच्या अश्रद्धेने शक्ती अडली," महाराज म्हणाले.

"अडू दे. काकू, आता तुम्ही लावा हात."

काकूंनी हात लावला मात्र, घरभर अंधार! काकू किंचाळल्या. मी ब्रेकर वर केला.

"काय हो काकू, तुमचीही वीज उलटी झाली का? या, इकडे बघा सगळे. अशा ब्रेकरवर हे छोटं बटण असतंच, तो वेळेवर पडतो की नाही ते तपासायला. दाबलं की पडतो. आत्ता मी दाबलं. मघाशी धुपाच्या आडून या शिष्याने दाबलं, मग ब्रेकर वर केला."

शिष्य चपला शोधू लागला.

"आणि आधीचे चार दिवस?" काकूंचा आवाज अजून कडकच होता.

मी मेन स्विच बंद केला, मोबाइलचा दिवा लावला आणि पाटाभोवतालचं लाल कापड उचललं. पाटाखाली दिव्यांच्या माळेचा एक्स्टेन्शन बोर्ड होता आणि वरच्या घटातून झिरपलेल्या मातकट पाण्याचे ओघळ त्यावर वाळले होते. आज पाणी पडलं नाही, म्हणून तो कोरडा होता.

"ब्रेकर बदललात, पण एकेक वायर काढून तो कशामुळे पडतो ते कोणी पाहिलं नाही. वीज अशी ओलाव्यातून गळायला लागली की हा ब्रेकर पडतो. माणसाला झटका बसू नये म्हणूनच तो असतो. ही मुलगी ओल्या हातांनी, अनवाणी इथे बसत होती. ब्रेकर पडला म्हणून वाचली."

काकूंनी सुनेचा हात धरला. "मीच म्हटलं होतं गं, धान उंच आलं की घराची भरभराट होते. एकाच्या जागी दोन तांबे घाल म्हणून."

एव्हाना महाराज जिना उतरून गेले होते.

"मी तिकीट रद्द करतो," सलील पुटपुटला.

"कर," भाग्यश्री डोळे पुसत म्हणाली. "पण ब्रेकर तू बसवलास ना? ते बटण तुला माहीत नव्हतं?"

सलीलने पॅनेलचं झाकण लावलं. मग म्हणाला, "माहीत होतं. संशयही आला होता. पण आईसमोर, महाराजांसमोर विचारायचं धाडस झालं नाही."

तर मंडळी, बटण माहीत असलेला माणूस घरातच होता. अडलं ते विचारण्यापाशी. तेव्हा विचारा. महाराजांसमोर विचारा, आईसमोरही विचारा, आणि एखादीचं तिकीट निघण्याआधी विचारा.