आन सुटली

"वय किती बे?"

"एकोनीस."

"बाप्या हाईस म्हन की! मंग बाप्याचा मार खा."

खिडकीतून हवालदाराच्या पट्ट्याचा सपकारा ऐकू आला आणि ठाण्याच्या ओट्यावर बसलेल्या केशरबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आत तिचा भारत होता.

सकाळी तानाजी मुकादम दारात आला होता. ही मायलेकरं अर्धा हंगाम टाकून उसाच्या फडावरून पळून आली, याचा त्याला राग. त्यानं केशरबाईला झिंज्या धरून जीपपर्यंत फरफटत नेलं, पोटात लाथा घातल्या. भारतनं छपरातला कोयता ओढला आणि एकच घाव घातला. मुकादमाची दोन बोटं मातीत पडली. मग त्याच्या माणसांनी पोराला असं तुडवलं, की पोलीस आले ते तिला देवासारखे वाटले. कसले देव!

वनमाला नावाची शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "मावशे, खरं सांग. पोरगं अठराच्या आत हाय ना? मंग त्याला हितं डांबताबी येत न्हाई, हातबी लावता येत न्हाई. बीडच्या रिमांड होमात न्यावं लागतं. पन त्यो सोताच एकोनीस म्हनतोय. आधार कार्डावरबी तेच हाय."

नवरा मेल्यावर केशरबाईला ऊसतोडीला जोडीदार हवा होता, आणि बारकं पोर मुकादम जोडीत धरत नव्हता. म्हणून तिनंच नेकनूरच्या बाजारात जाऊन कार्डावर वय वाढवून घेतलं, आणि भारतचा हात आपल्या गळ्यावर ठेवून त्याला शपथ घातली. "माझी आन हाय. कुनी जीव घेतला तरी एकोनीसच सांग." धोंडा तिनं पाडला, पण पडला तो लेकराच्या पायावर.

आन मोडली तर जिची घातली ती मरते; सोडवायची तर तिनंच 'सुटली' म्हणायचं. भारत हे अजून खरं मानत होता. आई मरू नये म्हणून तो मार खात होता.

ती धडपडत उठली आणि खिडकीच्या गजांना लटकली. "भारत, सुटली रे! आन सुटली! सतरा सांग, माझ्या राजा!"

"सतरा," भारत म्हणाला.

"आता बारका झाला व्हय बे?" हवालदार हसला.

पट्टा पुन्हा पडला. एकोणीसचा होता तोवर भारतनं तोंडातून हुं की चूं काढलं नव्हतं. आता तो "आये, आये" करत गळा काढून रडू लागला.

केशरबाई गज धरून "सुटली रे, सुटली" म्हणतच राहिली.