वच्छलाची काच

"मॅडम, ही काच तुमी बघा. मला नाय बघवत."

पुंजारामने स्लाइड टेबलावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून तो उभा राहिला.

छत्रपती संभाजीनगरच्या एका कॅन्सर रुग्णालयात, पॅथॉलॉजी विभागात तो सव्वीस वर्षे तंत्रज्ञ होता. माणसांच्या अंगातून काढलेले गाठींचे तुकडे मेणात बसवायचे, मशीनवर त्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर चढवायचे. स्तनाची गाठ, फुप्फुसाची, आतड्याची, तंबाखूने सडलेल्या गालाची. कुणाची, हे त्याने कधी विचारले नव्हते. नंबर तेवढा वाचायचा. आजची गाठ त्याच्या धाकट्या बहिणीची होती. काप त्याने दुसऱ्या कुणाला काढू दिला नव्हता.

वच्छला लासूर स्टेशनला पिठाची गिरणी चालवायची. नवरा गेल्यावर दिरांनी गिरणी विकायला काढली, तर ही जात्यापाशी जाऊन बसली ती उठलीच नाही. छातीतली गाठ हाताला लागली तेव्हा दुखत नव्हती, म्हणून आठ महिने कुणाला बोललीही नाही.

डॉक्टर अजरा भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या. वेगवेगळ्या कॅन्सरच्या गाठींत शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी किती शिरतात, याचा त्या तीन वर्षे अभ्यास करत होत्या. पुंजारामलाही त्यांनी त्या ओळखायला शिकवले होते: गुलाबी मांसातले गर्द जांभळे, बारीक ठिपके. काही गाठींत ते दाटीने शिरतात, काहींच्या वेशीवरच अडतात, काहींकडे फिरकतही नाहीत.

"पुंजारामभाऊ, इकडे या. बघा तर."

त्याने भीतभीत डोळा लावला. सगळी गाठ ठिपक्यांनी भरून गेली होती.

"लई हायेत की मॅडम!"

"हो. अशा गाठीत हे चांगलं लक्षण असतं, औषधाला साथ मिळते. पण गॅरंटी नाही हां, भाऊ. स्कॅन अजून यायचाय."

पुढचे त्याने ऐकलेच नाही. दोन-दोन पायऱ्या उतरत तो वॉर्डात पोचला.

"वच्छे, तुझ्या अंगातले शिपाई गाठीत घुसलेत. म्या माझ्या डोळ्यानं बघितले."

"शिपाई?" वच्छला हसली. "आत बसून काय करायलेत मंग?"

"लढायलेत."

"आन हरले तर?"

"नाय हरत. सव्वीस वर्षं काचा बघायलो म्या."

भावाच्या शब्दावर ती त्या दिवशी दीड भाकरी जेवली. गिरणीचा पट्टा बदलून ठेवा म्हणून गड्याला फोनही केला.

चौथ्या दिवशी स्कॅन आला. कॅन्सर यकृतात उतरला होता.

औषधे झाली, केस गेले, आवाज बसला. पाचव्या महिन्यात एका दुपारी तिने त्याचे बोट धरले.

"दादा, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला व्हता का तू?"

"नाय गं. तुझी आन. व्हते. लई व्हते."

"मंग दमले असतील बिचारे," ती म्हणाली आणि कूस बदलली.

दोन दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर पुंजाराम कामावर आला. मशीनचे पाते बदलता बदलता त्याने अजरांना विचारले, "मॅडम, येवढे आत गेले व्हते. काय केलं मंग त्यांनी?"

"कधीकधी आत पोचूनही त्या पेशी थकून जातात, भाऊ. का थकतात, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

त्याने मान हलवली. मग तोंड धुण्याच्या निमित्ताने तो बाहेर गेला आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा राहिला.

पावसाळा सरता सरता शिकाऊ डॉक्टरांची नवी तुकडी आली. शिकवणारे सर विभागात नवीन होते. त्यांनी कपाटातून एक काच काढून भिंगाखाली लावली.

"सगळ्यांनी बघा. पेशी कशा ठासून भरल्यात! असा नमुना रोज मिळत नाही."

पुंजारामने काचेवरचा नंबर ओळखला. हातातला ट्रे घेऊन तो भिंतीशी उभा राहिला. एकेक जण वाकून पाहत होता. शेवटी एक मुलगी मान वर करून म्हणाली, "सर, ही पेशंट बरी झाली असेल ना?"

सरांना ठाऊक नव्हते. त्यांनी पुंजारामकडे पाहिले.

"नाय," पुंजाराम म्हणाला. "गेली ती."

त्याने ट्रे खाली ठेवला, अंगातला ॲप्रन नीट केला.

"लासूर स्टेशनला गिरणी चालवायची," तो म्हणाला. "पिठाची. एकटीनं."

मुलगी पुन्हा भिंगावर वाकली. या वेळी तिने लवकर मान वर केली नाही.