फियाटचं बूच आणि काकूची सांडशी

नव्या फरशीवर गिअर ऑइलचा डाग दिसला की आमच्याकडे सकाळचा चहा उशिरा होतो. आधी डाग पुसायचा, मग काकांना ऐकवायचं, आणि मग आधण ठेवायचं, हा उज्वलाकाकूचा ठरलेला क्रम. मी द्राक्षातले औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि इंदिरानगरला देवरामकाकांकडे राहू लागले, तेव्हापासून तो मोडलेला मी पाहिला नाही.

काकांची फियाट माझ्याहून वयाने खूप मोठी आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत, दरवाजे बंद होताना तिजोरीसारखा आवाज. दर रविवारी काका तिच्यात मित्रांना भरून मखमलाबादकडे मिसळ खायला जातात. मात्र निघण्याआधी पोत्यावर आडवं होऊन गाडीखाली शिरायचं, गिअरबॉक्सच्या कुशीतलं बूच काढायचं आणि करंगळी आत घालायची. तेल त्या भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं असलं की झालं. हल्ली करंगळी कोरडीच निघायची.

"बघ संजू, गेलं ना गळून!" असं म्हणत काका गुरांना औषध पाजायच्या मोठ्या सिरिंजने तिला तेल पाजत. सोमवारी फरशीवर पुन्हा डाग.

शेवटी काकूने मुदत दिली. दसऱ्याच्या सकाळी फरशीवर थेंब दिसला, तर गाडी तिच्या भावाला, पिंपळगावच्या चिमाजीमामांना द्यायची. मामा तर कधीचे तयार होते. जेवायला आले तेव्हा त्यांनी बेत सांगितला.

"पॅकहाऊससमोर उभी करतो, दाजी. शिजनला बॉनेटवर द्राक्षांची क्रेटं. हायवेवरचं गिऱ्हाईक फोटो काढायला थांबलंच पाहिजे. लय भारी दिसंल."

"आणि चालवणार कोण?"

"चालवायची कशाला? इंजिन काढून ठेवू. फोटोत थोडंच दिसतंय?"

काकांनी ताटातली जिलबी तशीच ठेवली. त्यांना जिलबी सोडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी काकांनी पानेबिने घासूनपुसून पाटावर मांडले. त्यांच्याबरोबर विळा, कात्री, करवत आणि ती सिरिंजसुद्धा. हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सोनं वाटेपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही, हा या घरातला नियम. मग काकू गाडीची पूजा करायला पोर्चमध्ये आली. तिने पुढच्या चाकाशेजारी लिंबू ठेवलं. ते हललं, गाडीखाली शिरलं आणि घरंगळत थेट गेटला जाऊन टेकलं.

"हिला माझं लिंबूही चालत नाही," काकू म्हणाली आणि दुसरं ठेवलं. तेही गेलं.

मी वाकून फरशीकडे पाहिलं. "काकू, ही फरशी कधी बसवली?"

"उन्हाळ्यात. आधी शहाबादी होती. पाणी तुंबायचं, म्हणून मिस्त्रीला म्हटलं, गेटकडे चांगला ढाळ दे."

"आणि काका, गळती?"

"उन्हाळ्या..." काका मध्येच थांबले.

काकूने आरतीचं ताट खाली ठेवलं. "म्हणजे आता माझ्या फरशीवर आलं वाटतं?"

मी पाण्याची अर्धी बाटली आणली आणि आडवी धरून एक टोक वर उचललं. पाणी खालच्या टोकाला गोळा झालं, वरचं टोक कोरडं पडलं. "गाडीचं नाक घराकडे, म्हणजे वर. बूच आहे गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात. तेल सगळं मागे सरकतं आणि काकांची करंगळी इथे कोरडी राहते. काकांना वाटतं, तेल कमी झालं. ते वरून आणखी ओततात. मागच्या सीलपाशी, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यापाशी, ते जास्तीचं तेल चढतं आणि थेंब थेंब बाहेर येतं. तो थेंब बघून काका पुन्हा ओततात."

"म्हणजे ही आजारी नाही?" काकांनी विचारलं.

"नाही. तिला जेवण जास्त झालंय."

काका लहान मुलासारखे हसले, पण पाटाकडे नजर जाताच हसू थांबलं. बूच उघडायला पाना हवा, आणि पाना झेंडूखाली विसावलेला.

"एकच पाना," काका म्हणाले. "देवाला काय कळतंय!"

"देवाला कळत नसेल, मला कळतं," काकू म्हणाली. "आज हत्यारांना सुट्टी."

"पण उद्या सकाळी तुझा भाऊ येईल!"

काकू आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती परत आली तेव्हा तिच्या हातात सांडशी होती, दुधाचं पातेलं उतरवायची.

"ही घ्या. ही नाही पूजेत. हिला कुठे कोण सुट्टी देतंय?"

काका तिच्याकडे आणि मग सांडशीकडे बघत राहिले.

"बघता काय? दूध तापवायचंय मला, लवकर आणा."

आम्ही गाडी कॉलनीच्या बॅडमिंटन कोर्टावर नेली. जमीन सपाट आहे का, हे बघायला मी लिंबू ठेवलं. ते हललं नाही. काका पोत्यावर आडवे झाले. दर आठवड्याला उघडायचं म्हणून ते बूच फारसं आवळत नसत. सांडशीने डोकं धरून एक हिसका दिला, आणि ते फिरलं.

"अगं, डबा! डबा दे!"

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात काळपट तेलाची धार लागली. गिअर ऑइलला गंधकाचा एक उग्र वास असतो. गिअरचे दात एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून त्यात गंधकाची संयुगं घालतात. मला तो वास आवडतो, हे मी काकूला अजून सांगितलेलं नाही. डबा जवळजवळ भरला, धार बारीक होत थेंबांवर आली आणि थांबली. काकांनी करंगळी आत घातली.

"काठाला टेकलंय," ते गाडीखालून म्हणाले. "बरोब्बर काठाला."

परत आल्यावर त्यांनी गाडी उलटी लावायचं म्हटलं. मी नको म्हणाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. गाडी नेहमीसारखी, नाक घराकडे. खाली मी द्राक्षाच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा अंथरला. काकूने पूजा पुरी केली, लिंबाला या वेळी खडा लावला, आणि तिन्हीसांजेला चाकापाशी पणती ठेवली.

दसऱ्याच्या सकाळी चिमाजीमामा आपट्याची पानं आणि दोरखंड घेऊनच आले. काकांनी पुठ्ठा ओढून बाहेर काढला. त्याच्या कडेला तेलाचा गोल डाग होता.

"झालं!" मामा म्हणाले. "दाजी, किल्ली."

काकांचा हात खिशात गेला. मी पुठ्ठ्याला नाक लावायला वाकले, पण काकूने माझ्या आधी डागावर बोट टेकवून हुंगलं.

"थांब रे चिमा. हे गोडंतेल आहे. माझ्या पणतीचं." तिने बोट पदराला पुसलं. "गाडीचा थेंब नाही."

"ताई, तूच तर म्हणालीस..."

"मी गाडीच्या तेलाबद्दल म्हणाले होते. दोर गुंडाळ आणि मागे बस. मिसळ खायला जातोय."

काकांनी किल्ली काढली, पण ते गाडीकडे गेले नाहीत, घरात गेले. दूध उतरवून ओट्यावर ठेवलेली सांडशी त्यांनी उचलली, धुतली, पुसली आणि पाटावर पान्यांच्या शेजारी मांडली. वर हळदीकुंकू, एक झेंडू.

काकू दारातून बघत होती. "आता संध्याकाळी पातेलं कशाने उतरवू?"

"उतरवायचं नाही. आज तिला सुट्टी."

"म्हणजे स्वयंपाक?"

मागच्या सीटवरून मामांचा आवाज आला, "दाजी, मिसळीबरोबर रात्रीचंबी पार्सल घ्या आता!"